पगारवाढीचा बोजा घरपट्टीवर नेमका किती पडतो?

खानदेशातल्या एका शहरातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमच्याकडे घरपट्टी वाढवायची चर्चा चालू आहे. त्याच महिन्यात नगरपालिका कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वाढला आणि थकलेल्या फरकासाठी संघटनेनं कामबंदची नोटीस दिली. म्हणजे त्यांची पगारवाढ आमच्या खिशातून होणार का? कर्मचाऱ्यांचे पगार आणि नागरिकांचा कर, शहरानं हे दोन्ही तोलायचं कसं?"

माझी सगळी नोकरी नगरपालिकांच्या लेखा विभागात गेली. लहान नगरपालिका पाहिल्या, महापालिकाही पाहिली. अंदाजपत्रकाच्या दिवसांत हा प्रश्न दरवर्षी समोर यायचा आणि दरवर्षी त्यावर तापलेली भाषणं व्हायची. आकडे मात्र फार थोडे लोक मांडायचे. म्हणून इथं आधी आकडे मांडतो आणि मग माझं मत सांगतो.

पगारवाढ ठरवतं कोण, हे आधी स्पष्ट होऊ द्या. आपल्याकडे शहर स्वतः पगार ठरवत नाही. वेतनश्रेण्या राज्याच्या, वेतन आयोग केंद्रानं नेमल्यावर राज्यानं स्वीकारलेला, महागाई भत्त्याचा दर केंद्राच्या मागोमाग राज्यानं जाहीर केलेला. केंद्राचा दर जानेवारी 2024 ला 50 टक्के, जुलै 2024 ला 53 आणि जानेवारी 2025 ला 55 टक्के झाला, आणि राज्यानं मागाहून तोच दर आपल्या कर्मचाऱ्यांना लावला. नगरपालिकेच्या हातात उरतं ते एवढंच: भत्ता कोणत्या महिन्यापासून रोखीनं द्यायचा, मागचा फरक किती हप्त्यांत द्यायचा आणि रिकाम्या जागा भरायच्या की नाही. महासभेत "कर्मचाऱ्यांना वाढ द्यायची की नाही" अशी चर्चा रंगते, पण खरा निर्णय "कधी द्यायची आणि कशातून द्यायची" एवढाच असतो. दिली नाही तर ती रक्कम माफ होत नाही, देणं म्हणून डोक्यावर बसते. पुढे कोर्टातून किंवा आंदोलनातून ती एकदम द्यावी लागते, आणि तेव्हा ती झेपत नाही.

आता एक काल्पनिक नगरपालिका घेऊ. आकडे माझे आहेत, पण प्रमाण आपल्याकडच्या शहरांसारखंच ठेवलंय. शहरात 40,000 मालमत्ता. सरासरी बिल वर्षाला 2,500 रुपये, म्हणजे चालू मागणी 10 कोटी. वसुली 55 टक्के, म्हणजे हातात साडेपाच कोटी. कायम कर्मचारी 400, सरासरी मूळ वेतन 33,000. त्यावर 50 टक्के महागाई भत्ता आणि घरभाडे धरून माणशी साधारण 53,000 रुपये. महिन्याचा पगार 2 कोटी 12 लाख, वर्षाचा साधारण साडेपंचवीस कोटी.

जरा थांबून हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. शहरातल्या प्रत्येकानं घरपट्टी वेळेवर भरली, एकही थकबाकीदार राहिला नाही, तरी त्या 10 कोटींत पाच महिन्यांचेही पगार होत नाहीत. प्रत्यक्ष वसुलीत तर जेमतेम अडीच महिने निघतात. उरलेले पगार येतात राज्याच्या पैशातून. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली, तेव्हापासून राज्य त्या बदल्यात सहायक अनुदान देतं आणि लहान शहरांचा पगार मुख्यतः त्यावर चालतो. "अनुदान जमा झालं का?" हा प्रश्न दर महिन्याच्या शेवटी लेखा विभागाच्या दारात विचारला जातो, तो याचसाठी.

महापालिकांची वाट थोडी वेगळी. जळगाव आणि धुळे 2003 मध्ये महापालिका झाल्या. जळगावात 1 एप्रिल 2010 पासून जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला; राज्यात सगळ्यात आधी तो ज्या शहरांत आला त्यांत जळगाव होतं. ऑगस्ट 2015 मध्ये 50 कोटींच्या आतल्या उलाढालीचे व्यापारी त्यातून सुटले आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर तो पूर्ण गेला. त्याच्या जागी राज्य दर महिन्याला भरपाई देतं, आणि कायद्यानं ती दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढते. ही 8 टक्क्यांची वाढ पगाराच्या वाढीशी ताडून बघायला हवी. वार्षिक वेतनवाढ मूळ वेतनाच्या 3 टक्के. महागाई भत्ता वर्षात पाच अंकांनी वाढला, तर मूळ वेतन 100 आणि भत्ता 50 अशा दीडशेच्या पायावर तो साधारण सव्वातीन टक्के होतो. दोन्ही मिळून सव्वासहा ते साडेसहा टक्के. म्हणजे नेहमीच्या वर्षांत भरपाईची वाढ पगाराच्या वाढीला पुरून थोडी उरते. ती उरत नाही तेव्हा कारण बहुतेक वेळा पगाराच्या बाहेर असतं: निवृत्तिवेतन, पाणीपुरवठ्याचं वीजबिल, जुन्या कर्जाचे हप्ते. जळगावकरांना हुडकोच्या, म्हणजे घरबांधणीला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीच्या, कर्जाची गोष्ट नव्यानं सांगायला नको. हप्ता आधी कापला जायचा आणि उरलेल्यात पगार, दिवाबत्ती, गटारी बसवाव्या लागायच्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. वरच्या काल्पनिक शहरात महागाई भत्ता 4 अंकांनी वाढला असं धरा. माणशी 1,320 रुपये, 400 जणांचे महिन्याला 5 लाख 28 हजार, वर्षाला साधारण 63 लाख. भत्ता वाढला त्याच महिन्यात अनुदानही वाढेल असं नसतं. तेव्हा हे 63 लाख शहरानंच उभे करायचे आहेत असं समजू.

रस्ते दोन. पहिला, दर वाढवायचा. पण दर वाढवला तरी वसुली 55 टक्केच राहिली, तर 63 लाख हातात यायला मागणी 1 कोटी 15 लाखांनी वाढवावी लागते. म्हणजे साडेअकरा टक्के दरवाढ, घरामागे साधारण 287 रुपये. आणि हे 287 रुपये भरणार कोण? जे आधीपासून वेळेवर भरतात तेच 22,000 लोक. न भरणाऱ्याच्या बिलावर फक्त आकडा मोठा होतो. दुसरा रस्ता, दर तसाच ठेवून वसुली 55 वरून सव्वाएकसष्ट टक्क्यांवर न्यायची. म्हणजे आज न भरणाऱ्या 18,000 घरांपैकी अडीच हजार घरांनी बिल भरायचं. रक्कम तीच, 63 लाख.

हा हिशेब मी अनेक वर्षं अनेक लोकप्रतिनिधींसमोर मांडला आणि माझं मत त्यातूनच पक्कं झालं. वसुली 80-85 टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय कोणत्याही शहराला दरवाढ मागण्याचा नैतिक अधिकार नाही. कर्मचाऱ्यांच्या पगाराचं कारण पुढे करून तर मुळीच नाही. प्रामाणिक करदात्याला शिक्षा आणि थकबाकीदाराला सूट, असा त्याचा अर्थ होतो.

सूट देण्याचा विषय निघालाच आहे तर शास्तीमाफीबद्दल बोलतो, कारण मला हा विषय मनापासून खटकतो. थकलेल्या घरपट्टीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, वर्षाला 24 टक्के. पाच-सात वर्षं थकली की मूळ रकमेपेक्षा शास्ती मोठी होते. मग मार्च जवळ आला की अभय योजना येते, शास्तीत सूट मिळते, त्या आठवड्यांत रांगा लागतात, वसुलीचा आकडा छान दिसतो आणि सगळे खूश होतात. पण पुढच्या वर्षी काय होतं? वेळेवर भरणारा शेजाऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, मीही थांबतो, माफी येईलच. एखाद्या शहराची अवस्था फारच बिकट असेल तर एकदाच, शेवटचीच, अशी योजना मी समजू शकतो. दरवर्षी येणारी अभय योजना मात्र पगाराचा प्रश्न कायमचा बिघडवते, कारण तीतून एकरकमी पैसा येतो आणि पगार दर महिन्याला द्यायचा असतो.

वसुली कशी वाढते, हेही सांगायला हवं. जप्तीच्या नोटिसांनी थोडी वाढते. नळ तोडण्याच्या भीतीनं त्याहून जास्त वाढते. पण खानदेशात एक गोष्ट वेगळी आहे: इथं पैसा हंगामानं येतो. अमळनेर, चोपडा, पाचोरा, शहादा या भागांत गावात घर आणि मळ्यात शेती असलेली कुटुंबं पुष्कळ. कापूस विकला गेला, केळीचा पैसा हातात आला की लोक देणी फेडतात. वसुली पथकं मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात पळवण्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत घरोघरी गेली तर काम निम्म्या त्रासात होतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर लेकी माहेरी येतात, घरात खर्च असतो, तेव्हा दारात नोटीस चिकटवून शिव्या मिळतात आणि पैसे मिळत नाहीत. बिल वर्षाच्या सुरुवातीलाच हातात पडणं हे तर सगळ्यात महत्त्वाचं. बिलच सप्टेंबरात वाटलं गेलं, तर एप्रिल ते जूनमध्ये भरणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीचा उपयोग काय?

वसुलीनंतर येते आकारणी, म्हणजे कोणत्या घराला किती कर हे ठरवणं. शहरात घरं वरती वाढली, तळमजल्यावर दुकानं निघाली, पण नोंदवहीत अजून "मातीचं घर, दोन खोल्या" असंच आहे, असं मी असंख्य वेळा पाहिलं. कायद्यानं दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायला हवी. ती दहा-बारा वर्षं होत नाही, कारण ज्या वर्षी करायची त्याच्या पुढच्या वर्षी निवडणूक असते. मग एकदम केली की बिलं दुप्पट-तिप्पट येतात, मोर्चे निघतात आणि स्थगिती मिळते. दर न वाढवता वाढीव मजल्यांची नोंद झाली तरी उत्पन्न वाढतं, आणि त्यात अन्याय कोणावरच होत नाही. तीन हजार इमारतींवर सरासरी 1,500 रुपये वाढले तर 45 लाखांची नवी मागणी होते. वसुली 55 टक्केच धरली तरी आपल्या 63 लाखांपैकी साधारण पंचवीस लाख तिथंच सापडले.

पंधराव्या वित्त आयोगानंही शहरांच्या अनुदानाला अट घातली होती ती हीच: मालमत्ताकराचा किमान दर अधिसूचित करा आणि वसुली राज्याच्या सकल उत्पादनाच्या वाढीच्या गतीनं वाढवत न्या. म्हणजे घरपट्टी नीट गोळा केली नाही तर वरून येणारा पैसाही अडतो. आणि एक खुलासा इथंच करतो, कारण हा गैरसमज सर्वत्र आहे. "रस्त्याला इतके कोटी आले, मग पगाराला पैसे का नाहीत?" रस्त्याचे कोटी हे जिल्हा नियोजन समितीचे, आमदार निधीचे किंवा योजनेचे असतात. वित्त आयोगाचे पैसे पाणी, स्वच्छता आणि विकासकामांसाठी असतात, पगारासाठी नव्हे. या खात्यातला पैसा त्या खात्यात घालता येत नाही. कुठे घातला गेलाच तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि ती रक्कम अधिकाऱ्याकडून वसूल होते.

तुमच्या बिलातला प्रत्येक रुपयाही नगरपालिकेचा नसतो. बिलाच्या खालच्या ओळी वाचा: शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्याचे, नगरपालिका फक्त गोळा करून भरते. उरलेल्यात सामान्य कर, पाणी, स्वच्छता, वृक्ष, अग्निशमन. महसुली उत्पन्नातून पाच-पाच टक्के दुर्बल घटक, महिला-बालकल्याण आणि दिव्यांगांसाठी बाजूला काढावे लागतात. भुसावळसारख्या शहरात आणखी एक अडचण. शहराचा मोठा भाग रेल्वेचा, आणि घटनेच्या कलम 285 प्रमाणे केंद्राच्या मालमत्तेवर घरपट्टी लावता येत नाही. तिथं सेवाशुल्काचा मार्ग आहे, पण त्यासाठी करार आणि पाठपुरावा लागतो. रेल्वेच्या वस्तीतली माणसं शहराचेच रस्ते आणि बाजार वापरतात, म्हणून हा पाठपुरावा सोडून स्थानिक घरमालकाचा दर वाढवणं मला पटत नाही. महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांचंही तसंच. जळगावात अशा कित्येक गाळ्यांची मुदत 2012 मध्ये संपली आणि भाड्याचा वाद वर्षानुवर्षं चालला. शहराच्या मालकीची, भर बाजारातली जागा. तिचं भाडं योग्य असावं आणि गाळेधारकाला झेपावं, या दोन्हीत तोडगा काढणं हे दरवाढीपेक्षा अवघड काम आहे, म्हणूनच ते मागे पडतं.

आता कर्मचाऱ्यांच्या बाजूनं बोलतो. पगार म्हणजे उधळपट्टी, असं बोलण्याची एक सवय लागली आहे. ती मला मान्य नाही. सफाई कामगाराची श्रेणी 15,000 मूळ वेतनापासून सुरू होते. जळगाव-भुसावळचा मे महिना आठवा, पारा 45 च्या वर. तेव्हा गटारीतला गाळ काढणारा, पाणी सोडण्याच्या पाळीला मध्यरात्री चावी घेऊन फिरणारा व्हॉल्व्हमन, आग लागली की गल्लीत शिरणारा फायरमन, यांचा पगार दहा तारखेच्या ऐवजी पंचवीसला झाला तर त्यांच्या घरात काय होतं, ते मी पगारपत्रकावर सही करताना ऐकलंय. सोसायटीचा हप्ता चुकतो, दंड लागतो, सावकाराकडे जावं लागतं. आणि ज्याचा पगार दोन महिने थकलाय त्याच्याकडून तुमच्या प्रभागात सकाळी सहाला झाडू लागेल, ही अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची?

आस्थापना खर्चाचा, म्हणजे कर्मचाऱ्यांवर होणाऱ्या खर्चाचा, निकष मात्र समजून घ्यायला हवा, कारण सगळे वाद तिथं अडतात. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत असावा, असा शासनाचा दंडक आहे. तो ओलांडला की नवीन भरतीला परवानगी मिळत नाही. हेतू चांगला आहे. परिणाम मात्र बघा. आकृतीबंधातल्या मंजूर जागांपैकी मोठ्या संख्येनं जागा रिकाम्या राहतात. कामं थांबवता येत नाहीत, म्हणून ती ठेक्यानं दिली जातात. घंटागाड्या ठेक्यानं, झाडलोट ठेक्यानं, संगणक चालक ठेक्यानं. हा खर्च अंदाजपत्रकात आस्थापनेखाली दिसत नाही, स्वच्छतेच्या किंवा किरकोळ सेवांच्या शीर्षाखाली दिसतो. टक्केवारी सुधारलेली वाटते आणि शहराचा खर्च तेवढाच राहतो, कधी वाढतोही, कारण ठेकेदाराचा नफा आणि जीएसटी त्यात मिसळतो. मधल्या मधे कामगाराला किमान वेतन तरी पूर्ण मिळतंय का, भविष्य निर्वाह निधी भरला जातोय का, हे तपासायला कोणी उरत नाही. तेव्हा "पगारावर किती टक्के" असं विचारताना कायम कर्मचारी, ठेक्यावरचे कामगार आणि निवृत्तिवेतन या तिन्हींची बेरीज मागा. आणि टक्केवारीच्या छेदात काय धरलंय तेही विचारा. सगळी अनुदानं उत्पन्नात धरली की 35 टक्के सहज जमतं. फक्त स्वतःचं उत्पन्न धरलं तर आपल्याकडच्या बहुतेक लहान नगरपालिकांचा आकडा शंभरीच्या पुढे जाईल. वरच्या काल्पनिक शहराचाच बघा: घरपट्टी साडेपाच कोटी, पगार साडेपंचवीस कोटी.

वार्षिक वेतनवाढीबद्दल एक कमी बोलली जाणारी बाब. 400 जणांची 3 टक्के वाढ भत्त्यासह महिन्याला साधारण 5 लाख 94 हजारांची. मोठी वाटते. पण त्याच वर्षी 60,000 मूळ वेतनावरचे दहा वरिष्ठ कर्मचारी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी 19,900 च्या श्रेणीत दहा नवे लिपिक आले, तर भत्त्यासह महिन्याला सहा लाख वाचतात. वाढ जवळपास फिटली. म्हणजे नियमित भरती करणाऱ्या शहरात वेतनवाढीचा बोजा आपोआप हलका होत राहतो. आपल्याकडे भरती दहा-पंधरा वर्षं होत नाही, सगळे कर्मचारी एकाच वयाचे होतात, एकाच सुमारास निवृत्त होतात, आणि मग उपदान (ग्रॅच्युइटी), रजा रोखीकरण आणि निवृत्तिवेतनाचा भार एकदम येतो. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्यांचं निवृत्तिवेतन जुन्या पद्धतीचं, थेट नगरपालिकेच्या डोक्यावर. हा भार कर्मचाऱ्यांनी मागितलेल्या वाढीमुळे आलेला नाही. भरती टाळल्यामुळे तो एकाच जागी साचला आहे.

सातव्या वेतन आयोगाच्या वेळी काय झालं, ते पुढच्या तयारीसाठी आठवणं भाग आहे. नगरपालिका-महापालिका कर्मचाऱ्यांना तो मिळाला 1 सप्टेंबर 2019 पासून, पण वेतननिश्चिती 1 जानेवारी 2016 ची. मधले 44 महिने. 2.57 च्या गुणकानं वेतननिश्चिती होणार, हे केंद्राचा निर्णय झाला तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्या काळात दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकणारी शहरं फार थोडी. जिथं टाकली नव्हती, तिथं फरकाच्या हप्त्यांवरून वर्षानुवर्षं आंदोलनं चालली. आता आठव्या आयोगाला केंद्रानं जानेवारी 2025 मध्ये मंजुरी दिलेली आहे. राज्य तो कधी स्वीकारेल, नगरपालिकांना कधी लागू होईल, त्याला वेळ आहे. पण बिल येणार हे नक्की. माझा आग्रह असा की प्रत्येक शहरानं आजपासून पगाराच्या 5 टक्के रक्कम वेगळ्या ठेवीत टाकावी. आपल्या काल्पनिक शहरात ती वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास होते. शेतकरी ज्या हिशेबानं पुढच्या पेरणीचं बियाणं खाण्याच्या धान्यात मिसळू देत नाही, तोच हिशेब इथं लागतो. ठेव महासभेच्या ठरावानं बांधलेली असावी, म्हणजे गणेशोत्सवाच्या मंडपाला किंवा एखाद्या स्वागत कमानीला ती वळवता येणार नाही.

आणि उलट बाजू: एकरकमी उत्पन्नावर कायमचा खर्च कधीही घेऊ नये. भूखंड विकला, गाळ्यांच्या नूतनीकरणाचा प्रीमियम आला, एखाद्या वर्षी विकास शुल्क भरपूर जमा झालं, त्या आनंदात मानधनावरचे पन्नास लोक घेतले, तर पुढच्या वर्षी भूखंड नसतो आणि लोक असतात. अशी वर्षं मी पाहिली आहेत. शेवटी त्या माणसांनाच काढलं गेलं, आणि त्यांची काहीच चूक नव्हती.

पाणीपट्टीचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जळगावला वाघूर धरणातून, धुळ्याला तापीतून आणि नकाणे तलावातून पाणी उचलावं लागतं. उपसा म्हणजे वीजबिल, आणि वीजबिल थांबत नाही. ठरलेली वार्षिक पाणीपट्टी त्या खर्चाच्या निम्मीही भरून काढत नाही, अशी अवस्था बऱ्याच ठिकाणी आहे. तूट मग सामान्य निधीतून, म्हणजे पगाराच्याच पैशातून भरली जाते. कर्मचाऱ्यांचा पगार उशिरा होण्यामागे किती वेळा पंपाचं बिल असतं, हे बाहेर कोणाला दिसत नाही. इथं मी थोड्या दरवाढीच्या बाजूचा आहे, पण पाणी नियमित आणि ठरल्या दिवशी येत असेल तरच. आठ-दहा दिवसांआड पाणी देऊन दर वाढवायला गेलात तर लोक ऐकणार नाहीत, आणि त्यांनी ऐकूही नये.

मग दरवाढ कधीच करू नये का? करावी, आणि उघडपणे करावी. वसुली चांगली आहे, आकारणी ताजी आहे, गाळे-जागांचं उत्पन्न येतंय, ठेक्यांचे दर तपासलेत, आणि तरीही बंधनकारक खर्च भागत नाही, असं असेल तर दर दोन-तीन वर्षांनी चार-पाच टक्के वाढ लोक सोसतात. दहा वर्षं हात न लावता एकदम चाळीस टक्के वाढवणं कोणीच सोसत नाही. महापालिका अधिनियमात पुढच्या वर्षाचे कराचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, म्हणून ही चर्चा डिसेंबरातच सुरू व्हायला हवी. धुळ्यासारख्या हद्दवाढ झालेल्या शहरात तर जास्तच काळजी. नव्यानं आलेल्या गावांत पूर्ण दर लगेच लागत नाही, टप्प्याटप्प्यानं लागतो, पण तिथल्या लोकांना दिवाबत्ती, घंटागाडी आणि पाणी पहिल्या दिवसापासून हवं असतं. त्या वाढलेल्या भागासाठी माणसं लागतात. ती माणसं न देता फक्त बिल दिलं, की पुढची वीस वर्षं तो भाग नगरपालिकेकडे संशयानंच बघतो.

संघटनेच्या नोटिशीबद्दल. फरकाची मागणी रास्त असेल तर ती नाकारण्यात अर्थ नाही. हप्ते ठरवण्यात अर्थ आहे. मी दिलेला सल्ला नेहमी असा राहिला: चालू पगार आणि चालू महागाई भत्ता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, त्यात तडजोड नाही. मागचा फरक वर्षातून दोनदा, वसुलीच्या ठरावीक वाट्याशी जोडून. उदाहरणार्थ, थकबाकीतून जे वसूल होईल त्याचा चौथा हिस्सा फरकासाठी. याचा एक चांगला परिणाम दिसला. वसुली लिपिकांपासून मुकादमांपर्यंत सगळ्यांना वसुलीत रस आला, कारण त्यांचाच फरक त्यातून निघणार होता. संघटनेच्या प्रतिनिधींना वसुलीचा तक्ता दर महिन्याला दाखवायचा, लपवायचा नाही. आकडे समोर असले की माणसं समंजसपणे बोलतात. कामबंदची वेळ बहुतेकदा येते ती "पैसे नाहीत" म्हणून सांगितल्यावर त्याच आठवड्यात नवी गाडी दारात उभी राहते तेव्हा.

तुम्ही नागरिक म्हणून काय करू शकता? दरवाढीच्या प्रस्तावावर हरकती-सूचना मागवल्या जातात. "दरवाढ रद्द करा" एवढंच लिहिलेला अर्ज कचऱ्यात जातो. त्याऐवजी तीन कागद मागा, माहितीच्या अधिकारात सुद्धा मिळतात: गेल्या तीन वर्षांचा प्रभागनिहाय मागणी-वसुली तक्ता, मंजूर आणि भरलेल्या पदांची आस्थापना सूची, आणि ठेक्यांवरचा वार्षिक खर्च. त्यांतून आपल्या शहराचा वरच्यासारखा हिशेब एका पानावर मांडा: एवढी वाढ पगाराला लागते, वसुली इतक्या टक्क्यांनी वाढली तर ती निघते, सगळ्यात मोठ्या शंभर थकबाकीदारांकडे एवढी रक्कम आहे. नावं लिहू नका, रकमा लिहा. हा एक कागद दहा मोर्च्यांपेक्षा जड असतो, कारण त्याला उत्तर आकड्यांतच द्यावं लागतं. हरकतीवर पोच घ्या, सुनावणीची तारीख लेखी मागा आणि त्या दिवशी संघटनेचा एखादा प्रतिनिधी सोबत यायला तयार असेल तर त्यालाही घेऊन जा. वसुलीच्या मुद्द्यावर करदाता आणि कर्मचारी यांचं हित एकच आहे, हे सुनावणीत दोघांनी शेजारी बसून सांगितलं तर ते टाळणं अधिकाऱ्यांनाही आणि नगरसेवकांनाही अवघड जातं.